चढणाऱ्याला आधी वाट



पुनरुत्थानकाळ सुरू आहे. मुलांच्या परीक्षा आटोपत आल्या आहेत, बागांत आंबा उतरवण्याची धांदल आहे आणि चर्चमध्ये लग्नाच्या तारखा एकामागून एक लागल्या आहेत. लग्न झाले, पाहुणे परतले, की नवे जोडपे दोन दिवस कुठेतरी जाऊन येते. कुणी गोव्याला जातात. पण रत्नागिरीकर पुष्कळदा गाडी काढतात ती आंबा घाटाकडे. उन्हाळ्यात वर गार असते, झाडी दाट असते आणि खिशालाही परवडते. परदेशी असलेल्या आपल्या नातेवाइकांचे फोटोही याच दिवसांत मोबाइलवर येऊ लागतात. जर्मनीतला ब्लॅक फॉरेस्टचा डोंगराळ भाग, गर्द सूचिपर्णी झाडी, वळणावळणाचा रस्ता आणि गाडीला टेकून उभे असलेले नवराबायको. जागा वेगळी, गोष्ट तीच. दोघांनी मिळून जंगलातून, डोंगरातून केलेला प्रवास.

आज आपण ऐकलेले शुभवर्तमानही दोघांच्या प्रवासाचेच आहे. संत लूक सांगतो, की प्रभू येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून एम्माऊस गावाकडे निघाले होते. अंतर सुमारे ११ किलोमीटर. म्हणजे आपण रत्नागिरीतून पायी निघालो, तर हातखंबा येण्याआधीच संपेल एवढी वाट. त्या दोघांपैकी एकाचेच नाव लूक देतो, क्लयपा. दुसऱ्याचे नाव तो सांगत नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांमध्ये क्लोपाची पत्नी मरिया हिचा उल्लेख आहे. हा क्लोपा आणि तो क्लयपा एकच असावेत आणि वाटेवरचे ते दोघे पतिपत्नी असावेत, असे काही अभ्यासक मानतात. ते दोघे एकाच घरी पोहोचले आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी मुक्कामाला थांबवून घेतले, हे पाहिले म्हणजे तो विचार अगदीच अशक्य वाटत नाही. ख्रिस्तसभेने यावर निर्णय दिलेला नाही. परंतु आज आपण या दोघांकडे एक जोडपे म्हणून पाहू या.

ते जोडपे कसे चालले होते? आनंदात नव्हे. आशा मोडलेली होती, चेहरे उतरलेले होते, आपसात वादविवाद चालला होता. आपल्यातल्या कितीतरी जोडप्यांचा प्रवास असाच असतो. गाडी नवी, रस्ता सुंदर, बाहेर जंगल हिरवेगार. आणि आत दोघांमध्ये पालीपासून साखरप्यापर्यंत एक शब्द नाही, किंवा आहेत ते सगळे शब्द बोचणारे. प्रवासात माणूस लपू शकत नाही. घरी भांडण झाले तर एक जण अंगणात जातो, दुसरा टीव्ही लावतो. गाडीत तसे करता येत नाही. म्हणूनच दोघांनी केलेला प्रवास ही लग्नाची खरी परीक्षा असते आणि खरी शाळाही.

या शाळेत आपल्या घाटाकडून काय शिकता येते, ते आज पाहू.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा रस्ता पाहिलेला आहे. हातखंब्याहून पाली, नाणीज, दाभोळे करीत साखरप्याला यायचे. तिथून चढ लागतो. सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांची झाडी दोन्ही अंगांनी दाटत जाते. खाली दरी, वर कडा. माथ्यावर आंबा गाव. तिथून विशाळगड जवळ आणि १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी जिथे प्राण दिले ती पावनखिंडही त्याच मुलखात. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर नेणारे आणि वरून धान्य घेऊन उतरणारे बैलांचे तांडे सह्याद्रीच्या अशाच घाटांनी ये-जा करीत. आता चौपदरीकरणाच्या कामांनी या महामार्गाचे रूप बदलते आहे. तरी घाट तो घाटच. तिथे घाई चालत नाही.

घाटात गाडी चालवण्याचा एक नियम आहे. १९८९ च्या रस्ता-वाहतुकीच्या नियमावलीत तो स्पष्ट लिहिला होता आणि आजही तो लागू आहे. डोंगरातल्या उताराच्या रस्त्यावर, जिथे दोन गाड्या सुरक्षितपणे जाण्याइतकी रुंदी नाही, तिथे उतरणाऱ्या गाडीने बाजूला थांबावे आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. कारण साधे आहे. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणे सोपे असते. ब्रेक सोडला की गाडी चालू लागते. चढणारी गाडी मात्र एकदा थांबली की तिला उचलताना इंजिनाची दमछाक होते, क्लच जळतो, गाडी मागे घरंगळते. भरलेला ट्रक असेल तर क्लीनर खाली उडी मारून चाकामागे दगड लावतो, तेव्हा कुठे निभावते.

बंधुभगिनींनो, या नियमाकडे जरा निरखून पाहा. गाडी मोठी की लहान, महाग की स्वस्त, हे तो विचारत नाही. आत साहेब बसला आहे की शेतकरी, हेही विचारत नाही. तो एकच गोष्ट विचारतो: आत्ता या क्षणी चढावर कोण आहे? ज्याला श्रम जास्त, त्याला मान आधी. ज्याला सोपे, त्याने थांबायचे. आणि पुढच्या वळणानंतर चित्र पालटू शकते. आत्ता चढणारा उद्या उतरणार आहे आणि तेव्हा थांबण्याची पाळी त्याची असेल.

आपल्या घरात आपण हा प्रश्न विचारतो का? आमच्या घरांत बहुधा वेगळेच प्रश्न विचारले जातात. कमावतो कोण? घर कुणाच्या नावावर? मोठा कोण? बरोबर कोणाचे? वाट कुणी सोडायची हे या प्रश्नांवरून ठरते आणि मग वर्षानुवर्षे एकच माणूस बाजूला थांबतो. बहुतेक घरांत ती पत्नी असते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. ती सकाळी पाच वाजता उठून डबे करते, नोकरीला जाते, संध्याकाळी सासूची औषधे, मुलांचा अभ्यास; ती चढावर आहे. आणि तिलाच आपण सांगतो, जरा थांब, आधी मला जाऊ दे. कधी याच्या उलटही असते. नोकरी गेलेला नवरा, कर्जाचा हप्ता थकलेला बागायतदार, सहा-सहा महिने बोटीवर किंवा आखातात एकटा राहून आलेला घरधनी. तो चढावर असतो आणि घरात पाऊल टाकताच तक्रारींचा ट्रक समोरून भरधाव उतरतो. दोघांनीही एकमेकांकडे पाहून विचारायला हवे, 'आत्ता चढावर कोण आहे?' लग्नाच्या दिवशी आपण वेदीसमोर जे वचन देतो, सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे, त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ हाच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. वाट देणे म्हणजे मार खाणे नव्हे. दारू पिऊन हात उगारणाऱ्याला 'चढणारा' म्हणून मान द्यायचा नसतो. तो चढत नसतो. ब्रेक सुटलेल्या गाडीसारखा तो दुसऱ्यावर आदळत असतो. अशा वेळी बाजूला होऊन मदत मागणे हे पाप नाही. घरच्यांना सांगा, आम्हांला सांगा, गरज पडल्यास पोलिसांना सांगा. क्षमा ही ख्रिस्ती माणसाची ओळख आहे, पण ख्रिस्ताने कुणालाही अत्याचार झाकून ठेवायला सांगितलेले नाही.

घाटाची दुसरी शिकवण उताराविषयी आहे. जुने एस.टी. चालक नव्यांना सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. चढावर सर्वांनाच भीती वाटते, म्हणून सर्वच सावध असतात. उतारावर गाडी हलकी वाटते, वारा लागतो, डिझेल वाचवण्याचा मोह होतो आणि एखादा शहाणा गाडी न्यूट्रलवर टाकतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर लागेनासे होतात. गाडी खालच्या गिअरमध्ये असली, तर इंजिनच तिला धरून ठेवते.

संसाराचेही असेच आहे. अडचणीच्या दिवसांत जोडपी एकत्र असतात. एकाच खोलीत राहून, एका पगारावर त्यांनी दिवस काढलेले असतात. मग बरे दिवस येतात. घर होते, गाडी येते, मुले मार्गी लागतात. नेमके तेव्हा संसार न्यूट्रलवर जातो. एकत्र प्रार्थना सुटते, एकत्र जेवण सुटते, दोघांच्या हातांत दोन मोबाइल येतात. काही बिघडले आहे असे कुणालाच वाटत नाही. आणि मग एखाद्या वळणावर, एखाद्या साध्या वादात, ब्रेक लागत नाहीत. तोंडातून असा शब्द निघून जातो, की जो परत घेता येत नाही. रागाचेही उतारासारखेच असते. पहिल्या वाक्याला थांबणे सोपे, दहाव्याला अशक्य. म्हणून बऱ्या दिवसांतही कष्टाच्या दिवसांतलाच गिअर ठेवा. रोजची एक छोटी प्रार्थना, रोजचे एक जेवण एकत्र, झोपण्यापूर्वी समेट. हे खालच्या गिअरचे मार्ग आहेत. त्यांत वेग नाही, पण पकड आहे.

ब्रेकची गोष्ट निघाली म्हणून जर्मनीतल्याच एका जोडप्याविषयी सांगतो. कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले. गाडी बनली, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना आणि कार्ल स्वभावाने संकोची. त्यांची पत्नी बर्था हिने लग्नाआधीच आपल्या वाट्याचा हुंड्याचा पैसा त्यांच्या कारखान्यात घातला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एके सकाळी, नवऱ्याला न सांगता, युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती त्या गाडीतून निघाली. मॅनहाइमहून फॉर्झहाइमला. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररांगांच्या तोंडाशी वसलेले फॉर्झहाइम हे तिचे माहेर. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. इतक्या लांबचा मोटारीचा प्रवास जगात तोवर कुणी केला नव्हता.

वाटेत पेट्रोलपंप नव्हते. वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीच्या पिनेने ती साफ केली. चढावर गाडी ओढेना, तेव्हा मुलांनी उतरून ढकलली. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. या प्रवासाच्या अनुभवावरून कार्ल यांनी पुढे चढासाठी आणखी एक गिअर गाडीला जोडला. २००८ साली बर्था गेली त्या वाटेला तिच्या नावाचा स्मारक-मार्ग म्हणून मान्यता मिळाली. आज तिथे जोडपी मोटारीने सहलीला जातात.

या गोष्टीत नवरा गाडीत नव्हता, तरी आम्ही तिला जोडप्याचा प्रवास म्हणतो. गाडी त्याची, विश्वास तिचा. तो चढावर अडकला होता. तिने त्याला ढकलले नाही, टोचले नाही, 'तुमच्याने काही होणार नाही' असे म्हटले नाही. तिने त्याच्यासाठी वाट मोकळी केली. आणि तिने परत आणलेले अनुभव त्याने ऐकले, हेही तितकेच महत्त्वाचे. बायकोने सांगितलेला दोष ऐकून यंत्र सुधारणारा नवरा विरळाच!

आता आपल्याकडचे एक जोडपे. नावगाव सांगत नाही; पण त्यांच्या संमतीने सांगतो. लग्नाला बावीस वर्षे झालेली. पत्नीला कर्करोग निघाला. दर एकवीस दिवसांनी केमोसाठी कोल्हापूरला जायचे. पहाटे निघायचे, आंबा घाट चढायचा. दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरून घरी यायचे. असे आठ महिने. सहलीला जाणाऱ्यांना जी वळणे रम्य वाटतात, तीच त्यांना मोजून मोजून काढावी लागली, कारण परतताना तिला प्रत्येक वळणावर मळमळे. नवरा गडी घाईचा. आयुष्यभर पुढच्या गाडीला हॉर्न मारीत आलेला. पहिल्या फेरीला ती एवढेच म्हणाली, "अहो, जरा सावकाश." तेव्हापासून तो घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवू लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तर हात बाहेर काढून त्यांना पुढे जाऊ देई. एका वळणावर ते रोज थांबत. ती दार उघडून दोन मिनिटे गार हवा घेई. एकदा झाडांच्या शेंड्यांतून शेकरू उडी मारून गेले, ते दोघांनी पाहिले.

तो आम्हांला म्हणाला, "फादर, बावीस वर्षांत आम्ही जेवढे बोललो नव्हतो, तेवढे या आठ महिन्यांत गाडीत बोललो." ती म्हणाली, "यांच्याबरोबर एवढे हळू कधी गेलेच नव्हते." आज तिची प्रकृती कशी आहे, हे सांगण्याचे आम्ही मुद्दाम टाळतो. तो या गोष्टीचा मुद्दा नाही. मुद्दा हा, की दोघांपैकी कोण चढावर आहे हे एकाला कळले आणि त्याने आपला वेग बदलला. बरे होणे आपल्या हाती नसते. वेग आपल्या हाती असतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात पतिपत्नीच्या नात्याला सर्वांत मोठी मैत्री म्हटले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला त्यांचा आणखी एक शब्द वारंवार भेटे, 'वियातोर', म्हणजे वाटसरू. या जगातला माणूस हा वाटेवरचा आहे, अजून पोहोचलेला नाही, असा त्याचा अर्थ. हे दोन विचार जोडले, म्हणजे ख्रिस्ती विवाहाची चांगली व्याख्या तयार होते. वाटेवर असलेल्या दोघांची सर्वांत मोठी मैत्री. दोघेही अजून पोहोचलेले नाहीत. म्हणून 'लग्न झाले, आता काय राहिले' असे म्हणता येत नाही. आणि जोडीदार अजून अपुरा आहे म्हणून त्याला टाकताही येत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरील २०१६ च्या पत्रात या मैत्रीसाठी तीन शब्द सुचवले होते: परवानगी, आभार आणि क्षमा. 'चालेल का तुला?', 'बरे झाले तू होतीस', 'माझे चुकले'. आपल्या कोकणी माणसाला भांडायला शंभर शब्द सुचतात. हे तीन मात्र घशात अडकतात.

पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनाही वाटेवरची परीक्षा चुकली नाही. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या सणाहून परतताना ते एक दिवसाची वाट चालून गेले आणि मग ध्यानात आले, की मुलगा बरोबर नाही. आपल्यापैकी कुणी असते, तर पहिला तास 'तुम्ही पाहायला हवे होते', 'तू काय करीत होतीस' यातच गेला असता. शुभवर्तमानात त्याचा मागमूसही नाही. दोघे मिळून मागे वळले, दोघे मिळून शोधत राहिले. आणि मुलगा सापडल्यावर मरियेने आपल्या चिंतेआधी योसेफाच्या चिंतेचा उल्लेख केला. त्या क्षणीही तिने त्याला आधी वाट दिली.

म्हणून या सुट्टीत तुम्ही दोघे घाटात गेलात, तर तीन गोष्टी करून पाहा. निदान घाटापुरता मोबाइल बाजूला ठेवा. तुमचे शेवटचे भांडण कशावरून झाले ते न उकरता एकमेकांना विचारा, 'सध्या तुला सगळ्यांत जड काय जाते?' आणि उत्तर मिळाल्यावर सल्ला देऊ नका; नुसते ऐका. ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी भाट्याच्या किनाऱ्यावर किंवा घराच्या पायरीवर बसून विचारावे. प्रश्न तोच आहे. सासूसासरे, भाऊबहिणी, शेजारी, आपणही लक्षात ठेवा. एखादे जोडपे चढावर अडकलेले दिसले, तर मागून ढकलून गोंधळ वाढवू नका. चाकामागे दगड लावून आधार द्या. चार दिवस त्यांची मुले सांभाळा, एक वेळचे जेवण पोचवा, ऐकलेली गोष्ट पोटात ठेवा.

आणि जे आज एकट्याने वाट चालत आहेत, ज्यांचा जोडीदार देवाघरी गेला, ज्यांचे घर मोडले, ज्यांचे माणूस समुद्रावर आहे, त्यांना एम्माऊसचे शुभवर्तमान विशेष करून सांगते, की वाटेवर तिसरा कुणीतरी सामील होतो. त्या दोघांनी त्याला ओळखले नाही, तरी तो त्यांच्या चालीने चालला. त्याने घाई केली नाही. आधी त्यांचे दुःख त्यांच्या तोंडून ऐकले, मग शास्त्र उलगडले आणि त्यांनी आग्रह केल्यावरच घरात शिरला. त्याने भाकर मोडली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. त्याच रात्री, त्याच डोंगराळ वाटेने ते यरुशलेमला परतले. जाताना जी वाट वादात सरली, तीच परतताना दोघांच्या एका आनंदात सरली. वाट बदलली नव्हती. बरोबर कोण चालले आहे, हे त्यांना कळले होते.

त्याच भाकरीसाठी आज आपण वेदीभोवती जमलो आहोत. पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास पुढे याल, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे एकवार पाहा. तो किंवा ती चढावर असेल, तर मनात म्हणा, आधी तुला वाट.

आपल्यापुढे चालणारा आणि आपल्यासाठी थांबणारा प्रभू येशू आपल्या प्रत्येक कुटुंबाला आशीर्वाद देवो. आमेन.

— आपले धर्मगुरू